पाठीवरची पट्टी

न्दुक वेनिंग, माझ्या लेकी,

लवंगेच्या पानांचं तेल काढायची तांब्याची भट्टी, बाटल्यांची फळी आणि हाडापर्यंत उतरणारा तो लाल बाम, हे सगळं मी कुणाकडे न शिकता स्वतःच्या हातांनी केलं.

तुझ्या आईच्या पाठीवर दुखणं मारणारी दवाखान्याची पट्टी होती. तरी ती कण्हली, "अंगात वारा शिरलाय गं, नाण्यानं जरा खरवड." तू हसलीस, "बाबांचा बाम लावते, वारा थेट सुराबायाला पळेल!" पट्टीभोवती बाम चोळलास, वारा काढायला नाण्याने खरवडून लाल रेघा ओढल्यास, वर गरम पाण्याची पिशवी ठेवलीस. आपल्याकडे कुठलीही लेक हेच करते. सकाळी आई उठली नाही.

डॉक्टर म्हणाले, पट्टीतलं औषध आधी कातडीत साठतं आणि तीन दिवस थोडंथोडं रक्तात झिरपतं. उष्णतेने शिरा फुलल्या, खूप औषध एकदम उतरलं आणि श्वास थांबला. ते ऐकून तू घर सोडलंस.

पोरी, तुझ्या हाताला दोष देऊ नकोस. कातडी तापवून दार उघडायचं, यासाठीच मी तो बाम वीस वर्षं घोटला. ते दार कुणासाठीही उघडेल, हे मला सुचलं नाही.

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. वाचलंस तर मला माफ करशील, आणि ते मला सोसणार नाही.

तुझा बाप,
पार्तोनो

ता. क. काल जाकार्ताच्या कंपनीचा माणूस आला होता. "काका, इतक्या झटकन आत शिरणारा बाम आम्ही पाहिला नाही," म्हणाला. कृतीचे पस्तीस कोटी रुपिया देत होता. मी नको म्हणालो.