काटा पडला तेव्हा

अप्पा, तुमची गाडी गेल्या आठवड्यात तंजावरला जाऊन आली. तुम्ही गेल्यापासून तिला एवढा लांबचा रस्ता कोणी दाखवलाच नव्हता. अण्णा नगरातली भाजी, देऊळ आणि फार तर आवडी गावातल्या आपल्या जुन्या कारखान्याच्या क्वार्टर्सपर्यंत एखादी चक्कर, एवढंच तिचं जग उरलं होतं. पण तंजावरच्या मोठ्या मावशीने अंथरूण धरलं, तिकडून निरोप आला, आणि अम्माने हट्ट धरला की जाईन तर ह्याच वंडीने, तुमच्या गाडीने. मी टॅक्सीचं नाव काढलं, तर ती माझ्याशी बोलेना. शेवटी मी तेल बदलून घेतलं आणि आम्ही दोघी निघालो.

गाडी सुरू केली की अजूनही माझी नजर आधी त्या ऑइल प्रेशरच्या काट्यावर जाते. ती सवय तुमची. आवडी गावातल्या मैदानामागचा तो रस्ता, रविवारची सकाळ, मी स्टिअरिंगवर आणि तुम्ही शेजारी, कारखान्यात एखादं मशीन तपासायला बसावं तसे ताठ. इंजिन थंड आहे, काटा झरझर वर चढतो आणि मी खूश होते. "हुरळू नकोस," तुम्ही म्हणता. "तेल घट्ट आहे म्हणून चढला. तापू दे, मग बोलू." तापल्यावर गाडी नुसती उभी असताना काटा खाली येतो आणि मी घाबरते. "ॲक्सिलरेटर दाब. चढला की नाही? मग झालं तर." तेल किती आहे ते काटा सांगत नाही, ते कुठल्या जोराने फिरतंय ते सांगतो, किती आहे ते बॉनेट उघडून पट्टी बुडवून बघायचं. हे सगळं तुम्ही शांतपणे समजावलंत. मग विचारलंत, चालत्या गाडीत काटा एकदम शून्यावर पडला तर काय करशील? मी म्हटलं, जवळचा पेट्रोल पंप गाठीन.

त्या एका उत्तरावर तुम्ही जे काही बोललात ते मी विसरलेले नाही. गणितात नापास झाले तेव्हासुद्धा तुम्ही आवाज चढवला नव्हता. "इंजिन बंद! आधी बंद. देव आठवायचा तर नंतर आठव." एवढं बोलून तुम्ही उतरलात आणि घरी चालत निघून गेलात. मी रडत रडत गाडी पहिल्या गिअरमध्ये मागून आणली. कितीतरी दिवस मला वाटायचं, ह्या माणसाला मुलीपेक्षा इंजिनाची काळजी जास्त.

तर त्या दिवशी तिंडिवनम मागे टाकलं, विल्लुपुरम यायचं होतं. अम्मा मांडीवर काप्पीचा फ्लास्क धरून पुढे बसली होती. "काटा पडला," ती म्हणाली. "बंद कर." आयुष्यात स्टिअरिंगला हात न लावलेली बाई. मी क्लच दाबून गाडी चिंचेखाली नेली आणि इंजिन बंद केलं. पट्टी बुडवून पाहिली, तेल भरपूर होतं. विल्लुपुरमच्या मेकॅनिकला फोन केला. तो म्हणाला, मी येईपर्यंत चावी फिरवू नका. मी अम्माला म्हटलं, आता निघेपर्यंत राहुकाळ लागेल, तुला चालेल ना?

तिने झाकणात काप्पी ओतली आणि माझ्याकडे न बघता सांगितलं. ह्याच रस्त्याने तुम्ही तिला घेऊन निघाला होतात, मी जन्मायच्या आधी. तिची आई शेवटच्या घटका मोजत होती. काटा पडलेला तुम्ही पाहिलात. पण राहुकाळ तोंडावर होता, आणि एकदा थांबलं की राहुकाळात निघावं लागणार, अशा कामाला तर नाहीच नाही, म्हणून तुम्ही तशीच रेटलीत. पुढे इंजिन जाम झालं. "रात्री बसने पोचलो," अम्मा म्हणाली. "तोवर तिला नेलं होतं." फ्लास्कला झाकण लावत म्हणाली, "त्यांनी मग राहुकाळ कधी पाहिला नाही. मी काटा पाहत बसते."

तुम्ही पंचांग बघत नव्हतात ते कारखान्यात, यंत्रांत वावरलेले म्हणून, असं मी सगळ्यांना कौतुकाने सांगत आले. मला तुमची फार दया आली, अप्पा. आणि तुमच्याशेजारी इतकी वर्षं गप्प बसलेल्या तिची तर जास्तच.

मेकॅनिकने आपला गेज लावून पाहिला. दाब व्यवस्थित होता, काट्याला खबर देणारा सेन्सरच गेला होता. त्याने दुसरा बसवला, आणि आम्ही भर राहुकाळात निघालो. मावशीने अम्माला ओळखलं. संध्याकाळभर दोघी हात धरून बसल्या होत्या.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकायचं नाही, म्हणून लिहिते. काटा मी अम्माच्या आधी पाहिला होता. राहुकाळ लागायच्या आत विल्लुपुरम मागे पडेल का, ह्याचा हिशेब मनात चालला होता, आणि पाय ॲक्सिलरेटरवरच होता.