डोळ्यांत पाणी दिसू नये

रत्नागिरी, १७ मार्च २०२५

ती. कमळाताईस,

सप्रेम सलाम. वि. वि. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मी ओरडलो की शेजारी धावत येतात, म्हणून हे पत्र.

ईस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारी आपल्या चर्चच्या मंडळीत लाजराचं नाटक आहे, मेलेल्या लाजराला प्रभू कबरेतून उठवतात ते. प्रभूचं काम राकेश करतोय, मिरकरवाड्याला बर्फाच्या कारखान्यात असतो तो. कमिटीचा चिटणीस म्हणून तिन्ही बैठकांचं इतिवृत्त मीच लिहिलं. प्रभूंना घाम येऊ नये यासाठी विंगेत टेबलफॅन मंजूर झाला. चपला नव्या असाव्यात, धूळ नको, हेही ठरलं. गाडी अडली ती प्रभूंनी मित्राच्या कबरेपाशी रडण्यावर. शास्त्रात तसं लिहिलंय हे सर्वांनी मान्य केलं, पण स्टेजवर ते शोभणार नाही असं बहुमत पडलं. पाच मिनिटांत लाजर उठून येणार हे ज्यांना ठाऊक ते रडतील कशाला, हा मुद्दा माझाच. मासळी विकणाऱ्या सोनूबाईंनी विचारलं, की समोर लाजराच्या बहिणी रडत असताना तो काय भाषण करील? त्या आणि पाळकसाहेब, विरोधात दोनच मतं. ठराव असा: दुःख व्यक्त करण्यास हरकत नाही, मात्र डोळ्यांत पाणी दिसू नये.

गुडघे कसे आहेत? चालणं कमी कर.

तुझा,
विनोद


दापोली, २४ मार्च २०२५

चि. विनोदास,

अनेक आशीर्वाद. ठराव वाचून हसू आलं. देव माणूस झाला म्हणून दर नाताळात गळा काढून गाता, आणि तो माणसासारखा वागू लागला की कमिटी बसवता. गव्हाणीपाशी तुम्ही असता तर त्याचं दुपटंही इस्त्रीचं असतं.

आता थट्टा पुरे. तुझी रूथ गेली त्या संध्याकाळी तू खुर्च्यांच्या खरेदीचं इतिवृत्त लिहीत होतास. तेजल आईजवळ एकटी होती. दफनाच्या वेळी पोर हुंदके देऊ लागली, तर तू सगळ्यांसमोर तिला सांगितलंस, की पुनरुत्थानाची आशा असलेली माणसं अशी रडत नाहीत. तिने डोळे पुसले आणि पुण्याला निघून गेली. आठ महिने झाले, बापाच्या दारात आलेली नाही. तो ठराव तू एकट्यानेच पास केलास. कोंबडीचं पिल्लू मेलं म्हणून दोन दिवस न जेवलेला विनू मला आठवतो. त्याचं काय केलंस?

नाटकाला ये म्हणून मी तेजलला लिहिलंय. येईल की नाही, सांगता येत नाही. ती कायमची तुटली तर मला सोसणार नाही.

तुझी,
ताई


रत्नागिरी, १४ एप्रिल २०२५

ती. कमळाताईस,

सप्रेम सलाम. नाटक काल झालं. मी पडद्यामागे निवेदनाच्या माइकशेजारी वही घेऊन वाक्यं सांगायला बसलो होतो.

राकेश ठरावाप्रमाणे कोरड्या डोळ्यांनी पुठ्ठ्याच्या कबरेसमोर उभा राहिला. लाजराची बहीण मार्था झालेली संस्कृती त्याला म्हणाली, की तुम्ही वेळेवर इथे असता तर माझा भाऊ गेला नसता. हे वाक्य तालमीत मी वीसदा ऐकलं असेल. काल मात्र ते तेजलच्या आवाजात ऐकू आलं. मी इथे नव्हतो, ताई. रूथ जात होती आणि मी खुर्च्या मोजत होतो. पुढचं वाक्य सांगायला तोंड उघडलं तर रडूच बाहेर आलं, आणि माइक चालूच राहिला होता. सगळ्या मंडळीला वाटलं प्रभूच रडतायत. राकेशही हुशार, त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. पुढच्या रांगेत सोनूबाई पदर डोळ्यांना लावून बसल्या होत्या म्हणे.

आज सकाळी खजिनदार ठरावभंगाची तक्रार घेऊन आले. ठराव पाणी न दिसण्याचा होता आणि पाणी कुणालाच दिसलेलं नाही, असं सांगून पाळकसाहेबांनी त्यांना चहा दिला.

पण खरं सांगायचंय ते वेगळंच. मला थांबता येईना आणि राकेश तोंड झाकून वाट बघत उभा होता. तेवढ्यात कुणीतरी मागचा पडदा उचलून माझ्याशेजारी येऊन बसलं. तिने माझा हात धरला, दुसऱ्या हाताने वही ओढून घेतली. लाजराला कबरेतून बाहेर बोलवायचं वाक्य राकेशला तेजलने सांगितलं.

ती ईस्टरपर्यंत आहे. तूही ये. लोभ आहेच, समोर बसून तुझ्या कानात ओरडीन.

तुझा,
विनू