गाठींवरचे हात

निफाड,
६ जानेवारी २०२५

ती. मोठ्या बाबांना,
चैतालीचा सविनय जयभीम. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. कानात मशीन घालायचं नाही आणि फोन उचलायचा नाही, हा हट्ट चालूच ठेवा. मी शाळेत जायच्या आधी मनमाडच्या क्वार्टरच्या ओट्यावर तुम्ही मला अक्षरं गिरवायला लावलीत, ती याचसाठी असणार. इथल्या मैत्रिणी हसतात, की तुझ्या काकांमुळे पोस्टमनची नोकरी टिकून आहे.

आमच्या मुरघास केंद्रावर नवं यंत्र आलं आहे. हिरवा मका बारीक करून, दाबून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आम्ही जनावरांसाठी गाठी करतो. एकेक गाठ ऐंशी-नव्वद किलोची. आजवर पेठकडच्या मजुरांची टोळी त्या पाठीवर घेऊन थर लावायची. आता ट्रॅक्टरच्या पुढे ग्रॅबर बसवला आहे. त्याचे दोन वाकडे, गुळगुळीत हात गाठीला कवेत घेतात आणि ओरखडाही न पाडता वर नेऊन ठेवतात. चालवणारा योगेश म्हणतो, इतकं जपून मी माझं बाळसुद्धा उचलत नाही.

यंत्र का आलं ते तुम्हाला ठाऊक आहे. नोव्हेंबरात गाठींचा थर कोसळला, टोळीचा मुकादम भिका त्याखाली सापडून मेला आणि टोळीतल्याच दिनेशचा पाय मोडला. त्यानंतर संचालकांनी ठरवलं, की यापुढे गाठीला माणसाचा हात लागायला नको.

आणि मोठे बाबा, हात लागतोच आहे. भिकाची एक सवय होती. गाठ तयार झाली की तो तिच्यावर दोन-तीन थापा मारायचा, आणि मनात येईल त्या गाठीवर चुन्यात बुडवलेला पंजा उमटवायचा. त्याच्या गावाकडे सणाला भिंतींवर असे हात काढतात, म्हणून मी ती हौस समजले. त्याची करंगळी कडबाकुट्टीत अर्धी गेली होती, त्यामुळे त्याचा ठसा कुठेही ओळखू यायचा. गेल्या पंधरवड्यात तसे हात पुन्हा दिसू लागले आहेत. हिरव्या प्लॅस्टिकवर पांढरा पंजा, करंगळी अर्धी. मी मोजले. नऊ आहेत.

योगेश त्या गाठींना यंत्रसुद्धा लावत नाही. मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही, तुम्हीच तो ठेवू दिला नाहीत. पण सकाळी शेडचं दार उघडताना माझी नजर आधी तिकडेच जाते. मोठ्या आईंना नमस्कार. माझी आठवण राहू द्या.

आपली,
चैताली

•

मनमाड,
११ जानेवारी २०२५

चि. चैतालीस,
मोठ्या बाबांचा जयभीम आणि पुष्कळ आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. तुझं ‘ळ’ अजून लंगडं आहे, तिकडे लक्ष दे. तुझी मोठी आई म्हणते, पोरगी घाबरलीय आणि तुम्ही अक्षर तपासता. काय करू, तीस वर्षं तपासणीचंच काम केलं.

त्या कामाचं तुला कधी नीट सांगितलं नाही. फलाटावर गाडी थांबली, की मी लांब दांड्याची हातोडी घेऊन चाकं ठोकत जायचो. धड चाक घंटेसारखं वाजतं. आत चीर असली की आवाज बसका येतो, जसा फुटक्या माठाचा. डोळ्यांना काही दिसत नाही, कानालाच कळतं. असा आवाज आला की त्या डब्यावर मी खडूने फुली मारायचो. डबा गाडीतून काढला जायचा. ती फुली पुसण्याची परवानगी स्टेशन मास्तरलाही नव्हती.

तुझा भिका थापा मारून काय ऐकत होता, याचा विचार केलास का? मला तर तो माझ्याच धंद्यातला वाटला. हात उमटलेली एक गाठ फोड, शेजारची बिनहाताची एक फोड, आणि काय दिसतं ते कळव. भूत असेल तर मोठं हुशार भूत आहे, त्याला कामावर ठेवून घ्या.

तब्येतीला जप, आणि या म्हाताऱ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझे,
मोठे बाबा

•

निफाड,
१७ जानेवारी २०२५

ती. मोठ्या बाबांना,
सविनय जयभीम.

तुम्ही सांगितलंत तसं केलं. बिनहाताच्या गाठीतला मुरघास पिवळसर, घट्ट, आंबूस वासाचा निघाला. हाताच्या गाठीत मधोमध पोकळी होती. तिथे पांढरी बुरशी आणि ऊब होती. हाताच्या आणखी दोन फोडल्या. तेच.

आता तुम्हाला जे कळवलं नव्हतं ते लिहिते.

ऑक्टोबरच्या शेवटी पिंपळगावच्या एका गोठेवाल्याने तक्रार केली, की गाठींवर हे कसले हात, माल जुना वाटतो. मी ओली फडकी देऊन दोनशे गाठींच्या ढिगावरचे सगळे हात पुसून घेतले. भिका माझ्यामागे आला होता. ताई, हात ऱ्हाऊ द्या, तो कामाचा हाय, असं म्हणाला होता. मी म्हटलं, इथे कंपनीचा शिक्का चालतो. मग तो म्हणाला, पुसलंच हाय तर थर लावायच्या आधी सगळ्या पुन्हा वाजवून घेतो, एक दिवस द्या. दुसऱ्या दिवशी नव्या मक्याचे ट्रक येणार होते, त्याआधी थर लावून जागा मोकळी करायची होती. मी दिवस दिला नाही.

हात पुसल्यामुळे ओळखू न येता त्या पोकळ गाठी तळाला गेल्या. आठ दिवसांनी त्या दबल्या, आणि वरच्या गाठी सरकल्या तेव्हा भिका आणि दिनेश खाली उभे होते.

अपघाताचा अहवाल मीच लिहिला. मुकादमाच्या देखरेखीखाली थर नीट न रचल्यामुळे, असं लिहिलं. लिहिताना मला ते खोटं वाटलं नाही, एवढंच सांगू शकते. तेच वाक्य टोळीत पोचलं. आता दिनेशची माणसं म्हणतात, भिकाच्या निष्काळजीपणाने आमचा पोरगा लंगडा झाला. भिकाची बायको भागीबाई आणि मुलगी सरिता इथेच फाटलेल्या प्लॅस्टिकला चिकटपट्ट्या लावायचं काम करतात. त्यांची चूल टोळीपासून वेगळी पडली आहे. गावी भिकाच्या दिवसांनाही निम्मी माणसं आली नाहीत, असं कळलं.

तुमचं ते फुलीचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. पुसण्याची परवानगी स्टेशन मास्तरलाही नव्हती. मी काय करू? खरं सांगितलं तर नोकरी जाईल, आणि कदाचित टोळी मला शेडमध्ये पाऊल टाकू देणार नाही. नाही सांगितलं तर रोज सकाळी ते हात. मला रागवा, पण उत्तर पाठवा.

आपली,
चैताली

•

मनमाड,
२२ जानेवारी २०२५

चि. चैताली हिस,
मोठ्या आईचा जयभीम आणि आशीर्वाद.

या वेळी मी लिहिते आहे. माझं अक्षर कोंबडीच्या पायाचं, हसू नकोस. तुझे मोठे बाबा दोन दिवस लिहायला बसतात आणि कागद घडी करून ठेवून देतात. काल माळ्यावरून ती जुनी हातोडी काढली, पुसली, परत ठेवली. जेवणात लक्ष नाही. मी विचारलं, पोरीला काय सांगायचं? तर म्हणाले, तिचं पत्र चुकीच्या पत्त्यावर आलंय, ते भागीबाईला जायला हवं होतं. बस, एवढंच.

मला तुझ्यासारखं शिक्षण नाही. पण नवऱ्याच्या नावाला बोल लागला की बाईला घास कसा उतरत नाही, ते मला कळतं. नोकरी गेली तर घरी ये. भाकरी आहे, ओटाही आहे.

स्वेटर घालत जा. आमचा जीव तुझ्यात आहे हे विसरू नकोस.

तुझी,
मोठी आई

•

निफाड,
३० जानेवारी २०२५

ती. मोठे बाबा आणि मोठी आई,
दोघांनाही सविनय जयभीम.

पत्र योग्य पत्त्यावर दिलं. भागीबाईला वाचता येत नाही, म्हणून परवा जेवणाच्या सुट्टीत सगळ्या टोळीसमोर मीच वाचलं. तुम्हाला लिहिलं होतं तेच, फडक्यांपासून अहवालापर्यंत. माझा आवाज मलाच परका वाटत होता. दिनेश कुबडी टेकून उभा होता. वाचून झाल्यावर त्यानेच विचारलं, की म्हणजे मुकादमाने दिवस मागितला होता? मी हो म्हटलं. तो तिथेच खाली बसला.

भागीबाई रडली नाही. ती म्हणाली, मला ठाव होता, त्याने पोकळ गाठ कधी तळाला दिली नाय. पण माझं ऐकेल कोण, कागद तर तुझा होता. मोठे बाबा, तिने मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

हात सरिता उमटवत होती. बाप थापा मारायचा तेव्हा ती चुन्याची वाटी धरून उभी राहायची, तिलाही तो आवाज कळतो. यंत्र गाठींचे तीन-चार थर उंच चढवायला लागलं आणि तिला भीती वाटली, की पुन्हा कोणी खाली उभा असेल. बापावरच ठपका असल्याने बोलायची सोय नव्हती. म्हणून करंगळी मुडपून बापाचा हात उमटवायची. तो ठसा पाहिला की माणसं त्या गाठींच्या खाली उभी राहणार नाहीत, एवढा तिचा हिशोब. तिने सात गाठींवर हात लावले म्हणते. मी नऊ मोजले होते. तुम्ही मला मोजायला शिकवलंत, दोनदा मोजल्याशिवाय मी आकडा लिहीत नाही. तिने आपल्या म्हणून दाखवल्या नाहीत त्या दोन फोडल्या. दोन्ही पोकळ होत्या.

नवा अहवाल आमचे संचालक नवनाथसर यांच्याकडे दिला आहे. त्यांनी वाचला, चष्मा काढला, आणि आठ दिवसांनी भेटा म्हणाले. माझी पेटी मी भरून ठेवली आहे. तोपर्यंत मात्र योगेश माझं ऐकतो. थाप पडल्याशिवाय आणि आवाज पटल्याशिवाय ग्रॅबर गाठ उचलत नाही. त्याची कुरकुर चालू आहे, की लाखोंचं यंत्र आणून शेवटी टिचकीच मारायची होती तर. पत्र वाचलं त्या संध्याकाळी दिनेशच्या आईने भागीबाईच्या चुलीतला विस्तव मागून नेला. गेल्या तीन महिन्यांत असं पहिल्यांदा घडलं.

काल भागीबाईने मला गाठींपुढे उभं केलं आणि वाजव म्हणाली. पहिल्या दहांत मला काहीच फरक कळला नाही. अकरावी बसकी वाजली, तुम्ही लिहिलंत तशी, फुटक्या माठासारखी. तिने चुन्याची वाटी पुढे केली. मी पंजा बुडवला, आणि सरितासारखी करंगळी मुडपायला लागले. तिने माझं मनगट धरलं आणि ते बोट सरळ केलं. म्हणाली, तो त्याचा हात. तू तुझा लाव.

पाच बोटं उमटली. चुना नखांत अजून आहे, या कागदावरही कोपऱ्यात लागला आहे, तो झटकू नका.

तुमची,
चैताली