दाराशी उभी ठेवलेली

५ ऑगस्ट, सोमवार

आले एकदाची शेतावर. शैलेंद्रने गाडी दारापर्यंत आणली, आणि मी उतरले ती थेट म्हशीकडे गेले, घर मागाहून बघितलं. म्हैस काळीभोर आहे, कपाळावर पांढरा ठिपका, आणि नजर शहरातल्या आमच्या पिपलानी वसाहतीतल्या शेजारणीसारखी, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यावर संशय. पण पाठीवरून हात फिरवला तर मान खाली घातली. जमेल आमचं. तिची वगारही आहे, एवढीशी, पाय अजून एकमेकांत अडकतात.

घर छान आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे ओटा. मागचं दार उघडलं की बांधापर्यंत सोयाबीन. पिपलानीहून तासाभराची वाट, पण तेवढ्यात माणसं कशी संपतात कोण जाणे. शैलेंद्र सारखा म्हणत होता, आई, एकटी राहशील का, आठवड्यात पळून येशील. मी म्हटलं, वर्ध्याकडच्या खेड्यात शेण काढत वाढले मी, तुझ्या बाबांच्या कारखान्यापायी उभा जन्म क्वार्टरात गेला म्हणून काय हात विसरले? हे असते तर हसले असते. स्कूटर काढून माझ्या आधी इथे येऊन बसले असते.

ही वही सुनेने दिली. योगिनी म्हणाली, मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात यंदा आज्यांच्या गोष्टी घेणार आहेत, तुम्ही अशूला सांगता तशा मनाने रचलेल्या गोष्टी लिहा. आणि रोजचंही लिहीत जा, म्हणजे हात बसेल. मी चौथी पास. जोडाक्षर आलं की जीभ बाहेर येते. पण आतून इतकं बरं वाटलं की काय सांगू. पंधरा ऑगस्टला शाळेत झेंडावंदन झालं की अशूला इथे आणणार, राखीपर्यंत ठेवणार. तोवर एक गोष्ट पुरी करायची, तिला पहिली वाचून दाखवायची.

७ ऑगस्ट, बुधवार

लेखिका होणं सोपं नाही बाप्पा. एक ओळ लिहिली की दूध उतू. दुसरी लिहिली की गोवऱ्या भिजल्या, उचला. गोविंद शेत बघतो, त्याची बायको कंचन शेणघाण करते, दोघं दुपारी गावात आपल्या घरी जातात. मग मी आणि म्हैस.

माझी अडचण निराळीच आहे. गोष्ट आधी तोंडाने सांगितल्याशिवाय मला लिहिता येत नाही, आणि सांगायची तर समोर हुंकारा देणारं कुणी हवं. अशू कशी दर वाक्याला हूं म्हणते, तसं. कंचनला बसवलं. इथली सगळी हिंदी बोलणारी, तिला मराठी येत नाही, भलत्याच ठिकाणी हूं हूं करत राहिली आणि बसल्या बसल्या झोपली. जागी झाली ती विचारते, अम्माजी, फिर क्या हुआ? तोवर माझा राजा मरूनही गेला होता. दोघी पोट धरून हसलो.

मग आईची रीत आठवली. श्रावणातली कहाणी ऐकायला घरात कुणी नसलं तर आई पाटावर सुपारी मांडायची, मुठीत अक्षता धरायची आणि सुपारीला सांगायची. कहाणी संपली की अक्षता सुपारीवर, म्हणजे ऐकणाऱ्याला घरी जायची मोकळीक. एकच पथ्य, अर्ध्यावर उठायचं नाही. उद्या-परवा सुपारी मांडते.

९ ऑगस्ट, शुक्रवार

नागपंचमी. दिंडं केली, खाणारी मी एकटी. दुपारी पाट मांडला आणि गोष्ट कशी सुरेख निघाली. एक पोरगी असते. घरची सगळी जत्रेला जातात, गडबडीत तिलाच विसरतात, दाराला कुलूप, पोर बाहेर. ती दाराशी उभी राहते. म्हणते, कुणी ये म्हटलं तर आत जाईन, नाहीतर नाही. अशूएवढीच पोर, तशाच दोन वेण्या. सांगता सांगता माझेच डोळे भरले.

तेवढ्यात मागे धडधड. म्हशीने दावं तोडलं आणि सोयाबीनमध्ये. मी तशीच उठले, मुठीतल्या अक्षता कुठे सांडल्या ते कळलंही नाही. चिखलात तिच्यामागे धावले, गोविंदची अर्धी रांग तिने चरली. परत येऊन आंघोळ, मग धार, मग वाती. गोष्ट राहिलीच. उद्या बघू.

१० ऑगस्ट, शनिवार

गंमत झाली. सकाळी भाजी चिरताना मी सवयीने बोलत होते, आता कांदा घालू, आता हळद. दाराकडून हूं असं आलं. लहान, गोड आवाज. वाटलं गावातलं कुणाचं लेकरू आलं. बघितलं, कुणी नाही. पुन्हा म्हटलं, आता मीठ. हूं.

भ्यायला हवं होतं का? खरं सांगू, बरं वाटलं. हे गेल्यापासून मी बोलते ते भिंतीला. दिवसभर बोलत राहिले. ह्यांच्या स्कूटरच्या गोष्टी, जवाहर चौकात हरवलेली माझी छत्री, सगळं. दर वाक्याला हूं. किती दिवसांनी घसा दुखेपर्यंत बोलले. शेवटी वगारीला गवत घातलं आणि म्हटलं, ही बघ कशी आत गोठ्यात उबेला निजली. तेव्हा हुंकारा जरा उशिरा आला.

११ ऑगस्ट, रविवार

वगार सकाळी गोठ्यात नव्हती. बांधावर उभी होती. सुटली म्हणावं तर दावं जागच्या जागी, गाठ तशीच. गोविंदने ओढली, मी ओढली, कंचनने पुढे दूध धरलं. आत येईना. गोठ्याच्या दाराशी आली की चारही पाय रोवते आणि आत बघत राहते, कुणी बसलंय तिच्या जागेवर असं.

तिच्या जागेवर गवत दबलेलं होतं. हात लावला तर ऊब. खळगा वगारीएवढा नव्हता. अंगाची मुटकुळी करून निजलेल्या लेकराएवढा होता.

कंचन म्हणाली, अम्माजी, तुम किससे बातें करती हो दिन भर?

१२ ऑगस्ट, सोमवार

वगार गेली. बांधावर उभ्या उभ्याच गेली म्हणे, मग पडली. कंचन आता घरात येत नाही, कुंपणाशी भांडी ठेवून जाते.

गच्चीवर जाऊन फोन लावला, खाली रेंज नसते. शैलेंद्र आधी हसला. म्हणाला, बरं झालं आई, सोबत मिळाली तुला. कुणाची गं ती, गोविंदची मुलगी का? मगापासून हूं हूं करते आहे तुझ्या बाजूला.

गोविंदला मूलबाळ नाही.

आता कळलं सगळं. मी तिला दाराशी उभी करून उठले. गोष्टीतली पोर. ती अजून तिथेच आहे, आपलं पुढे काय होतं ते ऐकते आहे. आत कुणाची जागा आहे म्हटलं की ती जागा तिला हवीशी होते, आणि जिची जागा ती बाहेर जाते.

आणि मी शनिवारी बोलता बोलता तिला सांगून बसले आहे. आमची अशू येणार, माझ्या कुशीत निजणार.

१३ ऑगस्ट, मंगळवार

फोन केला, अशूला आणू नका. कारण काय सांगू? ती पोर बाजूला उभी. शैलेंद्र म्हणाला, काय लेखिकाबाई, गोष्ट लिहायला नात आड येते का आता? योगिनी म्हणाली, अशूने बॅग भरून उशाशी घेतली आहे, तुम्हीच सांगा तिला नाही म्हणून. अशू फोनवर आली. आजी, मी तुझ्याजवळच झोपणार. मी काही बोलायच्या आत बाजूने हूं आलं, आणि अशूला वाटलं मीच म्हटलं. ती हसली.

दिवसभर पाटावर बसून गोष्ट संपवते आहे. आई-बाप परत आले, कुलूप काढलं. हुंकारा नाही. राणीने तिला दत्तक नेली. नाही. देवी आली — नाही. अक्षता टाकते तर सुपारीवर एक दाणा ठरत नाही, सगळे पाटाखाली.

तिला कुणाचं काही नको आहे. मी उभी केली, मीच —

१४ ऑगस्ट, बुधवार

तोंड बंद ठेवलंय. एक शब्द नाही. म्हशीलाही हाक मारली नाही.

लिहिलं तरी ऐकते. आत्ता वरची ओळ लिहिली, आणि मागून —

पळून गेले तर बरोबर येईल. गावात घरोघर लेकरं आहेत. पिपलानीला तर अशूच.

ती आता उंबऱ्यावर आहे. ओट्यावर नाही, उंबऱ्यावर. दोन वेण्या. तिचं तोंड कसं ते मी गोष्टीत सांगितलंच नव्हतं, म्हणून —

नको.

१५ ऑगस्ट, गुरुवार

सकाळ. गावातल्या लाऊडस्पीकरवर गाणी लागली आहेत. अशूची शाळा सुटली असेल. रस्त्यावर असतील.

शेवट सापडला. सोपा होता. पुढच्या दाराला आतून कडी घातली. मागचं दार उघडं. वही मांडीवर, मूठ अक्षतांनी भरलेली. लिहिते तसं तोंडानेही म्हणते आहे.

मग एक म्हातारी आली. हूं.

म्हातारी म्हणाली, पोरी, मी तुला आत बोलावणार नाही. हुंकारा नाही. थांबली आहे ती.

मीच बाहेर येते तुझ्याजवळ. हूं.

मग तू दाराशी एकटी नाहीस, आणि घरातली जागा कुणाची का असेना, तुला नको. हूं.

आपण दोघी जत्रेला जाऊ. बांधावरून, पलीकडे. हूं. हूं.

गाडी वाजली पुढे. कडी हलते आहे. अशू हाका मारते आहे, आजी उघड ना. ओ द्यायची नाही. ती रडली तरी नाही. शैलेंद्र, तिला घट्ट धर. मागच्या दाराकडे आणू नकोस.

अक्षता टाकल्या. ठरल्या. सगळ्या ठरल्या.

हात गार आहे तिचा पण लहानच आहे, अशूएवढाच. मी म्हटलं, चल बाई, उशीर झाला, आणि ती