कॉलरच्या आतलं लिनन

३ नोव्हेंबर, रविवार

पाळकसाहेबांना काय सुचेल याचा नेम नाही! प्रार्थनेनंतर आमच्या अभ्यासगटाला थांबवून घेतलं. म्हणाले, "येशू तोरा, म्हणजे मोशेची पाच पुस्तकं, ऐकत वाढला. आपण मात्र ती पानं जरा भरभर उलटतो. महिनाभर प्रत्येकाने त्यातली एकच आज्ञा घ्या आणि रोजच्या जगण्यात पाळून बघा."

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी शब्बाथाचा, म्हणजे शनिवारचा, विसावा घेतला. हेडसरांनी 'पिकल्या केसांपुढे उठून उभे राहा' ही घेतली. आता सरांचेच केस सगळ्यांत पिकलेले! म्हणजे पाळायचं आम्ही आणि ते बसल्या जागी मान हलवणार.

मी शिंपी माणूस. तिसरं पुस्तक उघडलं, एकोणिसावा अध्याय, बोट थेट एकोणिसाव्या वचनावर — दोन जातींच्या सुतांचं वस्त्र अंगावर घालू नये. पाळकसाहेब म्हणाले, "पुढे पाचव्या पुस्तकात उघड सांगितलंय. लोकर आणि लिनन एकत्र नको."

माझ्या तोंडचं पाणी पळालं.

४ नोव्हेंबर

का पळालं ते इथेच लिहितो, दुसरीकडे सोय नाही. लोकरीच्या कोटाची कॉलर ताठ राहते ती आतल्या लिननच्या कॅनव्हासमुळे. छातीतही तोच. सव्वीस वर्षं मी तो आत शिवतोय. म्हणजे दर रविवारी अख्खी मंडळी माझ्या हातचा नियमभंग अंगावर घालून स्तोत्रं गाते!

दादाच्या कोटातही लिननच असतं. त्याचं तो बघेल.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. माझ्या दुकानाच्या प्लायवूडच्या भिंतीपलीकडे त्याचं दुकान. काम मला त्यानेच शिकवलं. सात वर्षं बोलत नाही आम्ही. मी पाळकसाहेबांचा पहिला कोट शिवला तेव्हा चर्चच्या अंगणात, सगळ्यांदेखत, त्याने बाही दोन बोटांत धरली. "मागे खेचतेय. उसव." एवढंच म्हणाला. मी घरी आलो आणि त्याचं नाव टाकलं. चर्चमध्ये तो उजवीकडे बसतो, मी डावीकडे.

बाही खेचत होती. हे फक्त इथे.

६ नोव्हेंबर

पाळकसाहेबांना सगळं कबूल केलं. हसून हसून त्यांची पुरेवाट! मग हळूच स्वतःच्या कॉलरला हात गेला.

"यातही?"

"यात जरा जास्तच, साहेब. मान बारीक आहे तुमची."

म्हणाले, "अहो, प्रेषितांनी बसून ठरवलं होतं, परराष्ट्रीयांवर, म्हणजे आपल्यासारख्या यहुदी नसलेल्यांवर, हे सगळं ओझं लादायचं नाही म्हणून. नियमामागचं मन शोधा. उसवत बसू नका." बरं म्हटलं. पण बातमीला पाय फुटले होते. संध्याकाळपर्यंत डॉक्टरीणबाईंचे यजमान कोट घेऊन हजर. "महिनाभर तरी शुद्ध राहू म्हणतो." त्यांच्यामागे आणखी चौघे.

९ नोव्हेंबर, शनिवार

चौदा कोट. दुकानात उभं राहायला जागा नाही.

आज हेडसरांची दाढ ठणकली. गाल धरून डॉक्टरीणबाईंच्या दारात. बाई म्हणाल्या, "आज माझा शब्बाथ आहे, सर." सर नुसते कण्हत उभे. शेवटी बाईंचं मन द्रवलं. "या आत. बैल खड्ड्यात पडला तर शब्बाथालाही काढतातच." दाढ निघाली. सर फुगून बसलेत — दाढेसाठी नाही, बैल म्हटलं म्हणून! जाताना बाई उठून उभ्याही राहिल्या नाहीत म्हणे.

१० नोव्हेंबर, रविवार

थंडी अशी की बोटं आखडली, आणि सगळ्यांचे कोट माझ्याकडे. पाळकसाहेब बायकोची फुलाफुलांची शाल पांघरून उपदेशाला उभे. स्तोत्र गाताना दातांचा ताल वेगळा, पेटीचा वेगळा. जो तो वळून माझ्याकडे बघत होता. कोट फक्त दादाच्या अंगात. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

१२ नोव्हेंबर

सात कॉलरी उसवल्या. लिनन काढायचं, सुती कॅनव्हास घालायचा, पुन्हा हाताने टाके. बोटांची चाळण झालीय. ही शेजारी बसून सुटे धागे वेचत होती.

"अहो, एकोणिसावं पाठ झालं तुमचं. सतरावं वाचलंत?"

"मी कापडापासून सुरू केलंय."

तिने पुस्तक ओढलं आणि मोठ्याने वाचलं. सतराव्यात — मनात भावाचा द्वेष धरू नको. अठराव्यात — शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर. आणि मग माझं कापड.

"तोच अध्याय, तेच पान. दोन बोटं वर आहे, एवढंच," ती म्हणाली.

"ते माझ्या निवडीत नाही!"

"बरं," म्हणाली आणि दिवा माझ्याकडे सरकवला. या बाईचं 'बरं' मला कधीच सोसलेलं नाही.

१३ नोव्हेंबर

हिच्याशी बोललो नाही. हिच्या लक्षातही आलं नाही.

१४ नोव्हेंबर

हेडसरांनी तीन कोट दिलेत. त्यातला निळा दादाने गेल्या वर्षी शिवलेला, आत त्याच्या नावाची पट्टी आहे. आज त्याची कॉलर उघडली.

टाके वेडेवाकडे. एक लांब, एक तोकडा. एकाच जागी चार-चार भोकं, म्हणजे काढून घातलेले. एका कोपऱ्यात रक्ताचा बारीक डाग.

खोटं कशाला लिहू — आधी आनंद झाला! हिला हाक मारून दाखवणार होतो. बाही खेचतेय म्हणे!

मग कॉलर दिव्याजवळ नेली. टाका सूतभर सरकला तर दादा मला सगळी ओळ उसवायला लावायचा. अशी कॉलर त्याने बाहेर कशी जाऊ दिली? मग एकेक आठवत गेलं. वर्षभरात त्याच्या दारात एकही नवा कोट टांगलेला दिसला नाही. पडदे, उशांचे अभ्रे, सगळं मशीनवरचं सरळ काम. मशीन रोज ऐकत होतो मी पलीकडून. चाललंय त्याचं झकास, असं समजत होतो.

हात थरथरतो त्याचा. दुसरं काय असणार?

सात वर्षं मनात याच्याशी भांडलो, आणि हा तिकडे एकटा सुईशी झटत होता. खूप रडलो.

१५ नोव्हेंबर

निळी कॉलर नव्याने बसवली. दादाच्या पद्धतीने, बारीक तिरपे टाके. त्याची पट्टी तशीच ठेवली.

त्याच्याकडे जायला तीनदा निघालो. एकदा त्याच्या दारापर्यंत पोचलो आणि चप्पल झटकल्यासारखं करून परत आलो. एकदा त्याचं गिऱ्हाईक होतं. तिसऱ्यांदा नव्हतं, तरी आलो.

जाऊन म्हणू काय? 'तुझं गुपित मी उसवलं'? बाही धरली म्हणून मी सात वर्षं तोंड पाहिलं नाही. हे कळल्यावर तो तर जन्मात बघायचा नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार

सगळ्यांच्या अंगात कोट. पाळकसाहेब म्हणाले, कॉलर जरा मऊ झालीय, पण श्वास मोकळा येतो. डॉक्टरीणबाई हेडसरांपुढे उठून उभ्या राहिल्या. सर विरघळले.

मी उजवीकडे बघितलं. दादा स्तोत्राचं पुस्तक दोन्ही हातांनी घट्ट धरून होता. पूर्वी एका हातात धरायचा. प्रार्थना संपली आणि मी पहिला बाहेर पळालो. भित्रा!

१८ नोव्हेंबर

हेडसर कोट न्यायला आले. निळ्याची घडी त्यांच्या हातात दिली. आत बोट घालून बघत राहिले.

म्हणाले, "हा मी आणणारच नव्हतो. तुझ्या दादानेच आणायला लावला. म्हणाला, हाही त्याच्याकडे टाका सर, उघडून बघू दे त्याला. मला तोंडाने सांगवत नाही."

दुकान तसंच उघडं टाकून पलीकडे गेलो.