अक्काचे एक्केचाळीस मेसेज

मंगळवार, ३ जून. सकाळी ८.
शाळेतून येताना अक्का आणि मी जयनगरच्या बसस्टॉपवर एक पेरू दोघींत खायचो. एक चावा तिचा, एक माझा. मग ती रुमालानं माझं तोंड पुसायची, आई ओरडू नये म्हणून.

अक्काचं वर्षश्राद्ध रविवारी, सुप्रीताकडे व्हाइटफील्डला. सुप्रीता तिची मुलगी. अक्काचे एक्केचाळीस व्हॉइस मेसेज माझ्या फोनमध्ये आहेत, सुप्रीताकडे एकही नाही. लेक ऑफिसात असते, त्रास नको, म्हणून अक्का तिला पाठवायचीच नाही. रविवारी तिच्या हातात पेन ड्राइव्ह ठेवायचा. ठरलं.

मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातला देवाप्पा म्हणतो, अम्मा, बॅटरी फुगलीय, हा फोन आठवडा काढणार नाही. सुप्रीता म्हणते, मावशी, फॉरवर्ड कर की, दोन मिनिटांचं काम. नाही. फॉरवर्ड गुड मॉर्निंगची फुलं करतात. अक्काला नाही. माझा कंप्युटर समर्थ आहे. २००८चा आहे, मग काय झालं? मी १९६२ची आहे.

दुपारी २.५५.
कंप्युटर फोनला ओळख देईना. चौथ्या केबलला दिली. अकरा हजार फोटोंसकट सगळंच कॉपीला लावलं. निवडत बसणं माझ्या स्वभावात नाही. सहा तास लागतील म्हणाला. तीनला राहुकाळ. माझा विश्वास नाही, मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. पण अक्काचा होता. तिचा आवाज राहुकाळात कसा हलवायचा? केबल काढली. दिवेलागणीनंतर कंप्युटर लावायचा नाही, हा माझा नियम.

गुरुवार, ५ जून.
आज राहुकाळ दीडला. साडेआठला लावलं, एक पंचवीसला काढलं. पुन्हा पहिल्यापासून.
सुप्रीताचा फोन. मावशी, निदान एक तरी पाठव, आईचा आवाज ऐकू दे. म्हटलं, अर्धवट काम मला चालत नाही. बरं म्हणून तिनं फोन ठेवला.
शिस्त म्हणजे शिस्त.

शनिवार, ७ जून. सकाळी १०.३१.
राहुकाळ आत्ताच संपला. केबल लावली. संध्याकाळपर्यंत मोकळं रान. देवाप्पाला काय कळतं.

दुपारी १.
फोन काळा पडला. रिक्षानं देवाप्पाकडे. म्हणाला, अम्मा, मुगीतु, संपला. आतलं आता काही निघत नाही. म्हटलं, तुझं शिक्षण कमी पडतंय. त्यानं मला पाणी दिलं.

रविवार, ८ जून. सकाळी ७.
कंप्युटरमध्ये आलेलं: पडद्याच्या कापडाचे दोनशे फोटो. व्हॉइस मेसेज एक. ऐकला. आवाज माझाच. अक्का, आत्ता नको, नंतर बोलते.

तर.
कंप्युटर देवाप्पाला. केबली चारही त्यालाच.
पडद्यांचे फोटो मागेल त्याला.
माझा मेसेज कुणालाही नाही.
अक्काचे एक्केचाळीस सुप्रीताला, आजच, माझ्या तोंडून, अक्काच्या आवाजात. मला सगळे पाठ आहेत. एकवीस तर आत्ताच लिहून काढले. उरलेले वीस मेट्रो व्हाइटफील्डला पोचेपर्यंत आठवतील.