दुसरे कडवे

९ नोव्हेंबर २००९

गेली वैष्णवी! चौकात कंपनीची बस आली — पांढरी, काचा काळ्या. एकदा आत बसली की आपली नात कुठली अन् दुसऱ्याची कुठली, काही कळत नाही. मी उगाच साऱ्या खिडक्यांना हात केला.

कुरकुंभच्या त्या मोठ्या रसायनांच्या कंपनीत वर्षभर अॅप्रेंटिस. काम — कंपनीच्या कॉम्प्युटरांची राखण. बाहेरून कुणी चोरून शिरू नये म्हणून. तिथं म्हणे टाक्या, नळ, भट्ट्या, सगळं कॉम्प्युटरच उघडतो अन् मिटतो.

जालिंदर म्हणाला, "म्हंजी वॉचमनच की रं!"

"व्हय. पण बिनदांडक्याची."

हसला, तंबाखू शर्टावर सांडेपर्यंत. दौंड जंक्शनच्या सिग्नल केबिनवर उमेदीची वर्षं घालवली आम्ही दोघांनी. आता स्टेशनाबाहेरचा बाक घासतो.

१२ नोव्हेंबर

जेवताना वैष्णवी म्हणाली, "आबा, तुमच्या गाड्यांचा तो गुपित आकडा कुणाला सांगायचात?"

मी फुललोच! सांगितलं — गाडी सोडायची तर पलीकडच्याला फोनवर प्रायव्हेट नंबर द्यायचा, त्याचा आपण घ्यायचा. आकड्यांचा तक्ता कुलपात. तुझ्या आजीलासुद्धा कधी आकडा सांगितला नाही.

"मग तुम्हीच माझे पहिले सर! आता मला असा पासवर्ड द्या, की मी विसरणार नाही अन् दुसऱ्याला सुचणार नाही."

मला एकच गोष्ट पाठ आहे. मांडवगण फराट्याच्या शाळेत चौथीला मास्तरांनी स्वतः रचून शिकवलेली कविता. पुस्तकात कुठंच नाही. मास्तर गेले, शाळेची कौलं गेली. आम्ही मेंढरामागची पोरं, आमच्यासाठी लिहिलेली —

सांज उतरली भीमाकाठी
कळप निघाला घरा
एक कोकरू मागे राही
तयास शोधा जरा

पोरीनं प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर घेतलं, इंग्रजीत ओळीनं मांडलं, शेवटी माझ्या केबिनचा नंबर. झालं कुलूप! मास्तर, बघताय ना?

२० नोव्हेंबर

वैष्णवीनं कंपनीच्या वर्गात सगळ्यांना युक्ती सांगितली. "आमच्या आबांची कविता" म्हणून. कविता नाही सांगितली, युक्ती तेवढी — पहिली अक्षरं, शेवटी केबिनचा नंबर. साहेब म्हणाले, छान. मी दिवसभर हवेत.

३ डिसेंबर

बाकावर आज नवा माणूस. तिशीचा, स्वच्छ, बोलणं मऊ. रविराज नाव. वरवंडला शाळेत मास्तर आहे म्हणाला. जुन्या शाळांतल्या, पुस्तकात न आलेल्या कविता गोळा करतो.

"आबा, तुम्हाला येते का एखादी?"

येते का! जालिंदर आज नव्हता, नाहीतर म्हणाला असता — झालं, आता संध्याकाळची पॅसेंजर निघून जाईल.

म्हटली. पोरानं डोळे मिटून ऐकली. मोबाइलात भरून घेतली. किती वर्षांनी कुणी विचारलं!

जाताना वळून म्हणाला, "कुठल्या केबिनला होता आबा?"

सांगितलं.

४ डिसेंबर

सकाळपासून काहीतरी टोचतंय. काय ते सापडत नाही.

११ डिसेंबर

वैष्णवी जेवली नाही. खोदून विचारल्यावर बोलली. ती डबा खात असताना तिच्या नावानं कुणीतरी कॉम्प्युटरात शिरलं. काही नेलं नाही, मोडलं नाही. नुसतं फिरून गेलं — "पाहुण्यानं घर बघून जावं तसं, आबा."

साहेबांना वाटतंय, तिनंच मशीन उघडं ठेवलं. पुन्हा असं झालं तर अॅप्रेंटिसशिप रद्द. नाव काळं झालेल्याला या कामात कुणी दारात उभं करत नाही.

"पासवर्ड बदलला मी. आता कुणाला सुचणार नाही."

मी विचारलं नाही, काय ठेवलास. केबिनची शिस्त.

पण मला ते टोचलेलं सापडलं. मग स्वतःलाच समजावलं — छे! वरवंडचा मास्तर तो. आकडे लपवायचे असतात. कविता कुणी लपवतं का?

१५ डिसेंबर

रविराज पुन्हा आला. गुळाची ढेप आणली माझ्यासाठी!

"आबा, दुसरं कडवं राहिलंच की."

म्हटलं. पासवर्ड तर बदललाय, आता कसली भीती? आणि खरं सांगायचं तर म्हणायचा मोहच झाला.

दार लावुनी निजू नका रे
मोजुन घ्या मेंढरे
आत शिरे जो मुका पाहुणा
कोण असे तो बरे

घरी आल्यावर पायरीवर थबकलो. दुसरं कडवं आहे, हे मी त्याला कधी सांगितलं होतं?

२२ डिसेंबर

पेढे! कंपनीनं सगळ्या अॅप्रेंटिसांच्या घरी खोटे फोन करून पाहिले. आपल्याकडेही एका बाईचा आला होता — "ऑफिसातून बोलतेय, वैष्णवीचा पासवर्ड हवाय." मी म्हणालो होतो, "आधी तुमचा प्रायव्हेट नंबर द्या, मग माझा घ्या." तिनं फोन ठेवला. मी विसरूनही गेलो.

वैष्णवी हसून हसून सांगत होती, "पोरांच्या आया, वडील, मामा — सगळे बोलून बसले! एकटे तुम्ही पक्के निघालात. साहेब म्हणाले, असे आजोबा हवेत." गेलेली पत परत आली. आणि मोठं म्हणजे, नव्या वर्षापासून टाक्या चालवणाऱ्या कॉम्प्युटरचं कुलूपही तिच्याच हाती. वर्षअखेर कायम होईल म्हणतात.

पेढा परत डब्यात ठेवला. "तो वरवंडचा मास्तरही तुमच्याच साहेबांनी धाडला होता का गं?" असं विचारणार होतो. शब्द ओठावर आले आणि ती वाकून पाया पडली.

विचारलं नाही.

२९ डिसेंबर

जालिंदरला विचारलं. रविराज नावाचा मास्तर ओळखतोस का?

"वरवंडात? आरं, माझी सासुरवाडी हाय ती! तिथली कुत्री मला नावानिशी वळकत्यात. असला मास्तर न्हाई तिथं. का रं? तोंड का उतरलं?"

गूळ आणून दाखवला. जालिंदरनं वास घेतला. "खाऊ नगंस," म्हणाला. मग मलाच धीर द्यायला, "येडा हाईस का मल्हारी, गाण्यानं का कुलूप उघडतं?"

उघडतं, जालिंदरा.

१ जानेवारी २०१०

कंपनीला सुट्टी. वैष्णवी दिवसभर गुणगुणत होती. नवा ड्रेस, उद्या नवं काम. दोनदा हाक मारली तिला. एकदा पाणी मागितलं. एकदा म्हणालो, "काही नाही."

बाकावर जाऊन आलो. रविराज नव्हता.

उद्या बस यायच्या आत सांगतो. नक्की! तिची नोकरी गेली तरी सांगतो.

२ जानेवारी

चौकात पोरं डबे घेऊन उभी. बस आली नाही. कुरकुंभच्या अंगाला, कंपनीच्या वर, आभाळ धुरानं पिवळं पडलंय.

तिथंच सांगितलं — रविराजला कविता म्हणून दाखवली ते. वैष्णवी रडली नाही, रागावली नाही. हातातला मोबाइल वाजत होता, तो उचलला नाही. एवढंच विचारलं —

"दुसरं कडवंसुद्धा, आबा?"